कयाक, गळ आणि तोल

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून खालीं येणारे नदी-नाले जेथें वऱ्हाडच्या काळ्या मैदानास मिळतात, तेथें डोंगराच्या पायथ्याशीं बुलढाणा जिल्ह्यांतील सोनाळा हें गांव वसलेलें आहे. एका अंगास अरण्य, दुसऱ्या अंगास कपाशीचीं शेतें, अशी त्याची ठेवण आहे. जवळूनच वान नदी मेळघाटांतून उतरते आणि पुढें पूर्णेस मिळते. पूर्णा तापीस मिळते आणि तापी समुद्रास. ह्या वान नदीवर वारी भैरवगडाजवळ धरण बांधलेलें असून त्याच्या जलाशयास हनुमान सागर म्हणतात. खालच्या मैदानांतील पुष्कळ गांवें खारपाणपट्ट्यांत मोडतात. तेथें विहीर खणली तरी पाणी खारटच लागतें, आणि म्हणून डोंगरांत अडविलेलें वानचें गोडें पाणी नळांनीं दूरवरच्या गांवांना पिण्यासाठीं न्यावें लागतें.

असा विस्तीर्ण जलाशय पाहिला म्हणजे शहरांतून आलेल्या मनुष्यास दोन इच्छा होतात: पाण्यावर जावें आणि पाण्यांत गळ टाकून बसावें. ह्या दोन्ही इच्छा एकाच वेळीं पुरविणारें साधन म्हणजे कयाक. उत्तर ध्रुवाकडील ग्रीनलंड वगैरे प्रदेशांतील इन्युइट लोक लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ही एका माणसाची अरुंद होडी बनवीत आणि तींतून शिकार करीत. आज तीच होडी प्लास्टिकची, तीन-चार मीटर लांबीची, मोटारीच्या टपावर बांधून नेतां येण्याजोगी मिळते. आपल्याकडील जलाशयांवर थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून हातानें पाणी मारीत जाळें लावणारा मच्छीमार पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याची आणि कयाकवर बसणाऱ्याची अडचण एकच आहे. दोघेहि पाण्याच्या अगदीं लगत बसलेले असतात, दोघांनाहि उभें राहतां येत नाहीं, आणि दोघांचाहि तोल त्यांच्या स्वतःच्या शरीरावर अवलंबून असतो.

गळाचीं पुस्तकें बहुधा कांठावर उभें राहणाऱ्यासाठीं लिहिलेलीं असतात. त्यांतील मांडणी जशीच्या तशी कयाकवर नेली तर ती गैरसोयीची होते, आणि कधीं कधीं जिवावर बेतते. म्हणून कयाकवर गळ, दोरा, वजन आणि आमिष ह्यांची निवड करतांना मासा कोणता ह्याबरोबरच होडीचा तोल कसा राहील हाहि प्रश्न पुढें ठेवावा लागतो. किंबहुना हा दुसरा प्रश्नच आधीं सोडवावा लागतो.

त्याहीपूर्वीं एक गोष्ट उरकली पाहिजे, ती म्हणजे परवानगी. महाराष्ट्रांतील जलाशयांतील मासेमारीचा हक्क सामान्यतः मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेला असतो. भोई, ढीवर, कहार अशा पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणाऱ्या कुटुंबांची रोजची भाकरी त्या हक्कावर अवलंबून असते, आणि जलाशयांतील बरेचसे मासे हे त्यांनीं बीज सोडून वाढविलेले असतात. हौसेनें गळ टाकणाऱ्यानें त्यांना विचारल्यावांचून पाण्यांत उतरणें हें दुसऱ्याच्या शेतांतील कणसें खुडण्यासारखें आहे. सोनाळ्याच्या बाजूस तर आणखी एक मर्यादा आहे. वान आणि अंबाबरवा हीं अभयारण्यें मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचे भाग आहेत. अभयारण्याच्या हद्दींत वनखात्याच्या अनुज्ञेवांचून शिरतांहि येत नाहीं, मग मासे धरण्याची गोष्टच नको. कटला, रोहू, मृगळ ह्यांची वीण पावसाळ्यांत वाहत्या पाण्यांत होते, त्या दिवसांत गळ घरींच ठेवणें हें शहाण्याचें लक्षण होय. पुढील विवेचन हें जेथें परवानगी आहे आणि पाणी संथ आहे अशा जलाशयापुरतें समजावयाचें आहे.

आतां तोलाचा हिशेब पाहूं गेल्यास तो अवघड नाहीं. कयाकवर बसलेल्या माणसानें काठी उभी धरली आहे आणि तिच्या टोंकास, पाण्यापासून सुमारें एक मीटर उंचीवर, मासा तीन किलोच्या जोरानें बाजूस ओढीत आहे असें समजावें. ह्या ओढीनें होडी जितकी कलूं पाहील, तितकीच ती साठ किलो वजनाचा माणूस बैठकीवर अवघा पांच सेंटिमीटर बाजूस सरकल्यानें कलूं पाहील. ह्यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी कीं, माशाची ओढ साधारणतः होडी उलथून टाकण्याइतकी नसते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. मासा जाळींत घेण्यासाठीं किंवा मागें ठेवलेली डबी उचलण्यासाठीं जो माणूस झटकन्‌ वांकतो, तो पांच नव्हे तर पंधरा-वीस सेंटिमीटर सरकतो. म्हणजे तोल ढळतो तो बहुतेक वेळां माणसाच्या स्वतःच्या हालचालीनें. आणि ती हालचाल करावयास लावते ती सामानाची वाईट मांडणी. जें सामान बसल्या जागेवरून, कोपर अंगापासून फार दूर न नेतां हातीं येत नाहीं, तें कयाकवर नसावें.

ह्या कसोटीवर एकेक वस्तु घांसून पाहतां येईल. काठी सहा ते सात फुटांची असावी. त्याहून लांब काठी कांठावर शोभते. परंतु बसलेल्या माणसास मासा जवळ आणतांना तिचें टोंक गाठतां येत नाहीं. फार आंखूड काठीहि उपयोगाची नाहीं, कारण मासा होडीच्या नाळेखालून पलीकडे गेला तर दोरा नाळेवरून वळवून घेण्याइतकी तिची पोंच असावी लागते. काठ्या दोनच न्याव्यात. एक हातांत आणि एक बैठकीमागें खोबणींत उभी, ही पुरेशी सोय होय. तीन काठ्या नेणाऱ्याच्या दोऱ्यांचा गुंता होतो, आणि गुंता सोडवितांना माणूस वांकतो.

दोरा सहा ते आठ किलो भार सोसणारा नायलॉनचा चालतो. रिळावर एक पेंच असतो. तो जितका आवळावा तितक्या जोरानंतर दोरा आपोआप सुटूं लागतो. हा पेंच दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाईवर, म्हणजे आठ किलोच्या दोऱ्यास दोन किलोवर ठेवावा. लहान तराजूचा आंकडा दोऱ्याच्या टोंकास अडकवून घरींच हें मोजून पाहतां येतें. ह्याचा संबंध पुन्हां तोलाशीं आहे. पेंच पुरता आवळलेला असला तर मोठा मासा आठ किलोपर्यंत ओढूं शकतो, आणि मघांच्याच हिशेबानें ती ओढ साठ किलोचा माणूस तेरा सेंटिमीटर सरकण्याबरोबरची होते. पेंच सैल असला म्हणजे ओढीची मर्यादा माणसानें आधींच ठरविलेली असते. शिवाय कयाक हलकी असल्यामुळें मासा तिला स्वतःबरोबर थोडी ओढीत नेतो, आणि त्या ओढण्यांत तोच थकतो. कांठावर उभ्या असलेल्यास हा लाभ नाहीं.

आमिषाकडे वळण्यापूर्वीं मासा कोठें चरतो हें जाणलें पाहिजे. हा विचार दख्खनला नवा नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें गळानें मासे धरण्यासहि एक प्रकरण दिलें असून माशांच्या जाती व त्यांचें खाद्य ह्यांचा विचार केला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ सालीं त्या प्रकरणावर लेख लिहून तें अभ्यासकांच्या नजरेस आणलें. सुमारें नऊशें वर्षांपूर्वींच्या त्या विचाराचें सार आजहि तेंच आहे: आमिष माशाच्या तोंडाशीं गेलें पाहिजे, मासा आमिषापाशीं येईल अशी वाट पाहून भागत नाहीं.

जलाशयांतील तीन प्रमुख मासे तीन मजल्यांवर चरतात. कटल्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें असतें आणि तो पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव खातो. रोहूचा खालचा ओंठ झालरीसारखा असतो. तो मधल्या थरांत वावरतो. मृगळ तळाशीं, गाळांत कुजलेल्या पालापाचोळ्यांत चरतो. ह्यांशिवाय शिंगाळा हा लांब मिशांचा मासा तळाशीं राहतो आणि लहान मासे खातो. मरळ कांठच्या गवतांत दबा धरून बसतो आणि श्वास घेण्यासाठीं मधून मधून वर येतो. तेव्हां एकच मांडणी सर्वांना लागू पडणार नाहीं हें उघड आहे. दोन मांडण्या मात्र पुरतात: एक तळाची आणि एक तरंगती.

तळाची मांडणी अशी. मुख्य दोरा भोंक असलेल्या वजनांतून ओंवून घ्यावा. त्यापुढें एक मणी ओंवावा, म्हणजे वजन गांठीवर आपटून ती झिजणार नाहीं. मग दोऱ्याचें टोंक भोंवरकडीस बांधावें. गुरांच्या साखळीस पीळ पडूं नये म्हणून जी कडी लावतात, तिचेंच हें नखाएवढें रूप होय. भोंवरकडीच्या दुसऱ्या तोंडास एक हात दोरा बांधून त्याच्या टोंकास गळ लावावा. मासा आमिष घेऊन निघाला म्हणजे दोरा वजनांतून सरकत जातो. वजनाचा भार माशास जाणवत नाहीं आणि तो आमिष टाकून देत नाहीं. येथें कयाकचा विशेष असा कीं, पुढचा दोरा एका हातापेक्षां लांब नसावा. भोंवरकडी काठीच्या टोंकाच्या कडीशीं येऊन अडकली कीं दोरा आणखी गुंडाळतां येत नाहीं. पुढचा दोरा लांब असला तर मासा तेवढाच दूर राहतो आणि त्याला गाठण्यासाठीं माणसास होडीबाहेर झुकावें लागतें. हा पुढचा दोरा मुख्य दोऱ्याहून थोडा कमजोर असावा. म्हणजे गळ बुडालेल्या झाडांत अडकला तर तुटेल तो शेवटचा हातभर तुकडा, सबंध दोरा पाण्यांत राहणार नाहीं.

तरंगत्या मांडणींत दोऱ्यावर बूच असतें. बूच एके जागीं घट्ट बांधलें तर काठीच्या लांबीहून अधिक खोल गळ सोडतां येत नाहीं, कारण बूच कडीशीं येऊन अडकतें. म्हणून तें सैल, सरकतें ठेवावें. आणि जितक्या खोलीवर आमिष हवें तितक्या अंतरावर दोऱ्यास सुताची एक बारीक गांठ मारावी. ही गांठ कड्यांमधून सहज जाते, रिळावरहि गुंडाळली जाते, परंतु बुचाच्या भोंकाशीं मणी असल्यामुळें तेथें मात्र थांबते. कटल्यासाठीं ती गांठ पाण्याखालीं दोन-तीन हातांवर, रोहूसाठीं मध्यावर, असें हवें तसें सरकवितां येतें.

गांठ कोणतीहि असो, दोन नियम पाळावे. दोरा कडींतून ओंवून स्वतःभोंवती पांच-सहा वेढे द्यावे व टोंक परत पहिल्या फांसांतून काढावें. आणि ओढण्यापूर्वीं गांठ तोंडांत धरून किंवा पाण्यांत बुडवून ओली करावी. कोरड्या नायलॉनची गांठ आवळतांना घर्षणानें तापते व तेथेंच दोरा कमजोर होतो. ह्या सर्व गांठी आदल्या रात्रीं दिव्याखालीं घरीं मारून, मांडण्या पुठ्ठ्यावर गुंडाळून न्याव्यात. डुलत्या होडींत मारलेली गांठ क्वचितच खात्रीची असते.

आतां प्रत्यक्ष गळ. जगांतील जुन्यांत जुने गळ जपानांतील ओकिनावा बेटावरच्या एका गुहेंत सांपडले. ते शिंपल्याचे असून सुमारें २३,००० वर्षांपूर्वींचे आहेत. तेव्हांपासून गळाचे आकार अनेक झाले, पण कयाकला योग्य असा एकच सांगावयाचा तर तो चक्राकार गळ होय. त्याचें टोंक बाहेर न राहतां आंत, दांड्याकडे वळलेलें असतें. साध्या गळास मासा लागतांच काठीला जोराचा हिसका द्यावा लागतो. उभ्या माणसास तो सोपा आहे. अरुंद होडींत बसलेल्यानें असा हिसका दिला तर धड एकीकडे जातें आणि होडी दुसरीकडे. चक्राकार गळास हिसका लागतच नाहीं. मासा आमिष घेऊन वळला आणि दोरा ताणला गेला कीं गळ सरकत सरकत ओंठाच्या कोपऱ्यांत बसतो. माणसानें फक्त शांतपणें रीळ गुंडाळावयाचें. हिसका दिला तर उलट गळ निसटतो. ह्या गळाचा दुसरा गुण असा कीं तो सहसा घशांत जात नाहीं, त्यामुळें लहान मासा इजा न होतां परत सोडतां येतो. आमिषानें गळाचें टोंक व दांडा ह्यांमधील फट बुजूं देऊं नये, एवढीच काळजी.

आमिष स्वस्त आणि घरचें असावें. कार्पवर्गीय माशांना शेंगदाण्याच्या पेंडीचा वास आवडतो. मत्स्यतळ्यांतहि त्यांना पेंड व कोंडा हेंच खाद्य घालतात. पेंड कुटून, चाळून, कणकेंत समभाग मिसळावी आणि पोळीच्या कणकेहून घट्ट मळावी. गोळा बोरापेक्षां मोठा नसावा. तो पाण्यांत दहा मिनिटें टिकतो कीं नाहीं हें घरीं वाटींत टाकून पाहावें; लगेच विरघळला तर कणीक वाढवावी. मृगळास आणि मिशीवाल्या माशांना गांडूळ चालतें. गांडुळें ओल्या मातीसह कापडी पिशवींत ठेवावीं; डबा उन्हांत तापून तीं मरतात. सर्व आमिष एकाच झांकणाच्या डब्यांत, दोन्ही पायांच्या मध्यें ठेवावें. माशांना एके ठिकाणीं जमविण्यासाठीं पेंडीचे मुठीएवढे दोन-तीन गोळे टाकणें पुरें. हें पाणी कुणाच्या तरी माठांत जावयाचें आहे, तेव्हां पाटीभर पेंड ओतून तें नासवूं नये.

तीच गोष्ट वजनाची. गळाचीं वजनें बहुधा शिशाचीं असतात, आणि शिसें हें विष आहे. ब्रिटनमध्यें तळ्यांत पडलेलीं शिशाचीं लहान वजनें गिळून राजहंस मरूं लागले, म्हणून १९८७ पासून बहुतेक आकारांच्या अशा वजनांवर तेथें बंदी आली. ज्या धरणाचें पाणी खारपाणपट्ट्यांतील मुलें पितात, तेथें शिसें टाकण्याचें कांहींच कारण नाहीं. लोखंडी नट दोऱ्यांत ओंवला तरी काम भागतें. तुटलेला नायलॉनहि पाण्यांत किंवा कांठावर टाकूं नये. तो कुजत नाहीं, आणि बगळ्यांच्या पायांत गुंततो.

होडी एके जागीं ठेवण्यास नांगर लागतो. जाळीच्या पिशवींत घातलेला दोन किलोचा दगड जलाशयांत पुरेसा होतो, आणि दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट असावा. नांगर नेहमीं नाळेकडून किंवा पाठीमागून सोडावा. बाजूस बांधलेला नांगर वाऱ्याच्या झोतांत होडी कलती करतो. दोराचें होडीकडील टोंक एका हातानें ओढतांच सुटेल अशा फांसानें बांधावें व त्यास एक रिकामी बाटली लावावी. प्रसंग पडला तर दोर सोडून द्यावा; बाटली तरंगत राहील व तो मागाहून घेतां येईल. धरणाच्या दरवाजांच्या आणि सांडव्याच्या जवळ नांगर टाकणें मुळींच योग्य नाहीं.

वल्हें, काठ्या, पक्कड, जाळी ह्या प्रत्येकास हातभर दोरी बांधून ती होडीस अडकवावी. दोऱ्या त्याहून लांब ठेवूं नयेत. होडी उलटलीच तर लांब दोऱ्यांत माणूस गुंततो. गळाचा दोरा मात्र हातास, पायास किंवा होडीस कधींहि बांधूं नये. सुरी छातीशीं, जीवरक्षक जाकिटावर असावी; आणि जाकीट बैठकीमागें नव्हे, अंगांत, बंद आवळून असावें.

मासा लागला म्हणजे काठी नाळेच्या दिशेनें न्यावी, म्हणजे ओढ लांबीच्या अंगानें येते आणि होडी त्याच्यामागें वळते. मासा थकून कडेशीं आल्यावर जाळी आधीं पाण्यांत बुडवून मासा तिच्यावर आणावा. माशामागें जाळी फिरवूं नये. ह्या वेळीं डोकें होडीच्या मध्यरेषेवर ठेवलें तर तोल सहसा जात नाहीं. शिंगाळ्याच्या पाठीवरील व कल्ल्यांजवळील कांटे विलक्षण टोंचतात. तो मांडीवर न घेतां जाळींतच पकडीनें सोडवावा. ज्यास सोडावयाचें त्यास ओल्या हातानेंच धरावें, कारण कोरड्या हातानें अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि मासा मागाहून रोगानें मरतो.

राहिली शेवटची तयारी, आणि ती गळाशिवायच करावयाची आहे. पहिल्या दिवशीं काठ्या कांठावर ठेवून, कमरेएवढ्या पाण्यांत, सोबत्याच्या देखत, होडी मुद्दाम उलटी करावी आणि पुन्हां तींत चढून दाखवावें. ज्याला हें तीनदां साधेल त्यानें चौथ्या दिवशीं आमिष मळावें. ज्याला साधणार नाहीं त्यानें कांठावर बसूनच गळ टाकावा. वान असो कीं दुसरें कोणतें पाणी, मासा कांठाशींहि येतो. आणि निघतांना, कोणत्या बाजूस जाणार व किती वाजतां परतणार, हें घरीं सांगून जावें. डोंगराकडचा वारा दुपारनंतर वाढूं लागला म्हणजे मासे लागोत वा न लागोत, नांगर उचलावा. घरीं वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीनें त्या दिवसाची खरी कमाई तीच.